फाटकापलीकडचं जेवण

सकाळचे साडेनऊ. मुलं शाळेत गेली होती, पॉरिजचं भांडं भिजत पडलं होतं आणि मी चादरी मशीनमध्ये कोंबत होते. दारावर टकटक झाली. दोनदाच, हलकी. म्हणजे एनिड थ्रॉसेल. बाकीचे बेल वाजवतात; पण बेल वाजवणं म्हणजे समोरच्याला दटावणं, असं एनिडला वाटतं.

तीन घरं सोडून राहते ती. वय एकोणऐंशी. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात एक लिफाफा.

"तुझ्या कामात अडथळा नाही ना आणला, पोरी?"

"आधी आत या. थंडी केव्हाच आत आली, तुम्हीच तेवढ्या बाहेर राहिलात."

पत्र विल्फच्या वृद्धाश्रमातून आलं होतं. विल्फ तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो तिथे आहे. पत्रात लिहिलं होतं की दुपारी ते काहीच खात नाहीत, ऑक्टोबरपासून सहा किलो उतरले. असंच चाललं तर महिनाअखेरीस त्यांना तीस मैलांवरच्या मोठ्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल.

"दोन बस बदलून जायचं," एनिड म्हणाली. "या कमरेनं. म्हणजे महिन्यातून एकदा भेट, तीही ऊन असेल तर."

"पण तुम्ही असलात की जेवतात ना ते?"

"जेवतो की! डाव्या हातात काटा द्यायचा, पहिला घास त्याचा हात धरून तोंडापर्यंत न्यायचा. पुढचं सगळं आपणहून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट. वाटाण्याच्या कारखान्यात मुकादम होता तो, चाळीस माणसं हाताखाली. त्याला काय कुणी भरवायचं?" तिनं पत्र पुन्हा लिफाफ्यात सरकवलं. "पण मी वेळेवर पोचले तर ना."

आमचा बाजाररस्ता रेल्वेच्या फाटकानं मधोमध कापलाय. आम्ही या बाजूला, आश्रम त्या बाजूला. भेटणाऱ्यांना बाराला आत सोडतात, सव्वाबाराला जेवण, आणि एकला वीस कमी असताना ताटं परत स्वयंपाकघरात. मालगाड्यांचं नवं वेळापत्रक आल्यापासून अकरा ते साडेबारा फाटक सारखं पडतच असतं. वरून पूल आहे, पण त्याला बेचाळीस पायऱ्या. लिफ्टवरचा 'लवकरच सुरू होईल' हा कागद ऑगस्टपासून उन्हानं पांढरा पडलाय.

"मग तासभर आधीच पलीकडे जाऊन बसायचं," मी म्हटलं.

"बसले की. जानेवारीभर, बसथांब्यावर. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा बसलात तर विल्फच्या शेजारची खाट तुमचीच."

मी मशीन तसंच ठेवलं. साडेअकराला दोघी निघालो. तिच्या काठीच्या चालीनं फाटकापर्यंत पोचायला बारा वाजले. आम्ही दहा पावलांवर असताना घंटा सुरू झाली आणि दांडा डोळ्यांदेखत खाली आला.

मासेवाला बॅरी त्याच्या दुकानाच्या दारात ॲप्रन बांधून उभा होता. "या एनिड, तुमची जागा राखून ठेवलीय. कठड्याला टेकायची."

"उपकार झाले, बॅरी. आज कोणती?"

"खडीची. तिची शेपूट अजून पुढच्या गावात असेल."

माणसं जमत गेली. पिशव्या, बाबागाड्या, कुत्री. आमच्या गावात फाटकाला शिव्या द्यायची रीत नाही, हवेबद्दल बोलतात. "वारा बोचतोय." "उद्या उघडेल म्हणे." मी मात्र घड्याळाकडे बघत आतल्या आत उकळत होते. मालगाडी डबा डबा करत गेली. दांडा हलला, सगळ्यांनी पिशव्या उचलल्या, आणि घंटा पुन्हा वाजली.

"दुसरी!" बॅरी ओरडला. "माझं लग्न इथंच उभ्या उभ्या जमलं. आता नातीचंही इथंच जमणार."

सगळे हसले. एनिडही हसली, पण तिचा हातमोजा कठड्यावर मुठीत आवळलेला होता.

बारा एकतीसला फाटक उघडलं. आश्रमाच्या दारात पोचलो तेव्हा बारा त्रेचाळीस. जेवणघरात टेबलं पुसली जात होती. विल्फ खिडकीपाशी रुमाल गळ्यात तसाच ठेवून बसला होता, दाराकडे तोंड करून. समोर ताट नव्हतं.

"अगदी थोडक्यात हुकलं हो, एनिड!" तिथली परिचारिका जेराल्डिन म्हणाली. खरंच भली बाई. "दोन चमचे सूप घेतलं त्यांनी. नंतर तोंडच उघडेनात."

"असू दे गं, तू तरी काय करणार," एनिडनं सुरू केलं.

मला राहवलं नाही. "रोज हेच सांगता तुम्ही यांना?"

"त्यांची कधी तक्रारच नसते," जेराल्डिन म्हणाली. "उलट मीच एकदा विचारलं होतं, ताट मागे ठेवू का म्हणून. तर म्हणाल्या, छे छे, आमच्यासाठी कशाला खोळंबा. हे बघा, वहीत लिहिलंय." तिनं वही फिरवून दाखवली. तारीख ऑक्टोबरची.

पाच महिने! मी एनिडकडे वळले. तिचे कान लाल झाले होते.

"पहिल्यांदा विचारलं की नाहीच म्हणायचं असतं," ती जेराल्डिनला म्हणाली. "कुणीही म्हणतं. मग समोरचा दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा हो म्हणायचं. तू दुसऱ्यांदा विचारलंच नाहीस."

"अहो, अकरा ताटं होती माझ्या हातात."

"हो ना. म्हणून मीही पुन्हा विषय काढला नाही. आज विचारशील, उद्या विचारशील म्हणत राहिले."

जेराल्डिन वही छातीशी धरून उभी राहिली. मला दोघींनाही गदागदा हलवावंसं वाटत होतं.

एनिडनं काठी खुर्चीला टेकवली, विल्फच्या गळ्यातला रुमाल सोडला आणि घडी केला. विल्फनं तिची बाही धरली. मग ती सरळ उभी राहिली.

"जेराल्डिन, विल्फचं ताट रोज एक वाजेपर्यंत ठेवत जा."