बाबांच्या पेशी

बाबांची सगळी नोकरी राजूरच्या कोळसा खाणीत झाली. निवृत्तीनंतर खोकला वाढतच गेला, आणि शेवटी नागपूरला त्यांच्या फुफ्फुसाचा एक भाग काढावा लागला. तिथल्याच एका प्रयोगशाळेत मी काम करते. माणसाच्या पेशी चिपवर वाढवायच्या, हे आमचं काम. चिप म्हणजे बोटाएवढी पारदर्शक रबरी पट्टी. आत केसासारख्या दोन नळ्या, एकीत हवा, दुसरीत पेशींचं अन्न.

तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनाला देणार का, असं डॉक्टरांनी ऑपरेशनआधी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुह्याच लॅबमधी जाईन का?"

"हो."

"मंग देऊन टाकू."

पेशी रुजायला बरेच आठवडे लागले. त्यांची देखभाल मी सहकारी मैत्रिणीवर सोपवली होती. बाबांच्या पेशी मला हाताळवल्या नसत्या. पण पेशींवरची, श्वासातली धूळ बाहेर ढकलणारी सूक्ष्म लव हलायला लागली तेव्हा मी मोबाइलवर चित्रण केलं आणि सुटीत राजूरला नेलं.

बाबा ओसरीत उशीला टेकून बसले होते. कितीतरी वेळ ते पाहत राहिले.

"गहू हालते तसं हालून राह्यलं," ते म्हणाले. "आता याचं काय करान?"

मी सांगितलं, "कोळशाची धूळ सोडू. काय होते ते पाहू."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "अजून धूळच? काहून?"

"सोडू दे तिले," बाबा म्हणाले. "आमच्या छातीत काय होऊन राह्यलं, ते तवा कोनाले दिसत नव्हतं."

हिवाळा सुरू होताच बाबा गेले. घरी बुद्धवंदना झाली. मी नागपूरला परतले तेव्हा चाचणी ठरलेलीच होती. मैत्रीण म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या पेशी घेऊ या." मी नको म्हटलं. धूळ मीच सोडली.

लव आधी मंदावली, मग जागोजागी थांबली. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काम संपल्यावर नियमाप्रमाणे चिप नष्ट करायची असते. तीही मीच नष्ट केली, आणि बाहेर येऊन आईला फोन लावला.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"दिसलं काही?"

"दिसलं, आई. साफ दिसलं."

ती म्हणाली, "तू जेवली का नाही अजून? जेवून घे, बाई."