त्याचं मराठी

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा फ्लॅटमेट राहायचो आणि आमचं कशातच पटत नसे. मी वापरलेला चमचा लगेच धुणारा. त्याचे सीरिअलचे बाऊल सिंकमध्ये आंबत पडायचे. टीव्हीवर अशाच दोन विजोड फ्लॅटमेट्सची जुनी विनोदी मालिका लागायची, एक टापटीप, एक गबाळा. ती तो पुन्हा पुन्हा बघायचा आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "दॅट्स यू, मेट." मला हसू येत नसे. सिंकवरून भांडणाऱ्या माणसांत हसण्यासारखं काय आहे? ते मी रोज फुकट भोगत होतो.

तो लंडनच्या पिनरमध्ये वाढलेला, मराठी घरातला. पण आम्ही इंग्रजीतच बोलायचो. "माय मराठी इज एम्बॅरसिंग," एवढं सांगून त्याने विषय मिटवला होता.

माझी आई पुण्यात वारली तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही. दादाने सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मी बघितलं, लॅपटॉपवरचा कॉल बंद केला आणि त्याच लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगला बसलो. रडू आलं नाही. ताई फोनवर हमसून रडायची आणि मी "हं, हं" करत राहायचो. आपण दगड आहोत की काय, अशी भीती वाटायला लागली. पुढे भीतीही वाटेना. संध्याकाळी त्याच्याशेजारी सोफ्यावर बसून मी ती मालिका बघायचो. रेकॉर्ड केलेलं हसू येऊन जायचं. जेवायचं राहून जायचं.

एका संध्याकाळी त्याने मध्येच टीव्ही बंद केला आणि उठून किचनमध्ये गेला. कुकर काढल्याचा आवाज आला. मग तिथूनच तो पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला, "मी खिचडी टाकते. तू हातपाय धुऊन घे."

मी उठून दारात गेलो. "टाकते?"

"आय नो, आय नो." तो ओशाळला. "डॅड लवकर गेले ना. घरात मराठी बोलणारी फक्त आई. ती जे बोलायची तेच मला येतं. मराठी मंडळात सगळे हसायचे, सो आय स्टॉप्ड."

मलाही हसायला हवं होतं. त्या फ्लॅटमधला तेवढाच एक खरा विनोद.

तो कुकरकडे वळला. "पातळ करते. वर तूप घालते. थोडी तरी खाशील ना?"

"खाईन, आई," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला आणि तिथेच, किचनच्या दारात, मला रडू फुटलं.