भुलीआधीचा प्रश्न

उज्जैनच्या त्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्या दिवशी आम्हा दोघांचंही हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्यांचा अंगठा सारखा बोटांवर फिरत होता, जणू गोळी वळताहेत.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "बाबा, कोई नशा?"

"नहीं साहब."

डॉक्टर लिहू लागले, तसे ते माझ्याकडे झुकून कुजबुजले, "रोज भांगेची गोळी घेतो हो. देवळात प्रसाद म्हणतात, इथं दाराशी सून उभी आहे, तिच्यासमोर नशेडी म्हणतील. पण न सांगता भूल घेतली आणि उठलोच नाही तर?"

"सांगून टाका, काका," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. माझ्या खाटेच्या पायथ्याशी बायको उभी होती. माझ्याही संध्याकाळच्या गोळीचा तिला पत्ता नाही. मीही "नहीं" म्हणालो. चादरीखाली माझा अंगठा बोटांवर फिरत होता.