एका बाटलीत पाच तोंडं

आमच्या घराण्यात चेहरा हा प्रकार माझ्यापासून सुरू झाला. त्याआधी सगळ्यांना नुसती तोंडं होती. सकाळी धुवायची, दिवसभर उन्हात न्यायची, संध्याकाळी परत धुवायची, संपलं. मी मेहकरला शाळेत बाई म्हणून लागले आणि रोज सकाळी आरशासमोर बसू लागले. आधी क्रीम, मग फाउंडेशन, मग पावडर, काजळ, लिपस्टिक. रविवारीसुद्धा. रविवारी दूधवाला येत नाही की काय?

याचे कातडीवर जे परिणाम व्हायचे ते झाले. हनुवटीवर तुरीच्या दाण्याएवढे फोड, कपाळावर घामोळं आणि गालांना अशी खाज की वर्गात पाढे म्हणून घेताना मी पट्टीने हळूच गाल खाजवत असे. यावर माझा उपाय एकच होता. जिथे फोड दिसेल तिथे आणखी एक थर. एकदा पहिलीच्या पोरांना ‘आपल्या बाई’ असं चित्र काढायला सांगितलं. झाडून सगळ्यांनी माझा चेहरा गुलाबी आणि मान तपकिरी रंगवली. निरीक्षण अचूक आहे म्हणून मी सगळ्यांना शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून मानेला ओढणी गुंडाळली.

तर असं माझं सुखात चाललं होतं आणि मध्येच भाच्याचं लग्न ठरायची वेळ आली.

भाचा माझ्या थोरल्या भावाचा. सोयाबीन, तूर, थोडा कांदा, स्वतःची विहीर, निर्व्यसनी आणि तिशी ओलांडलेला. आमच्याकडे एवढं वर्णन पुरे आहे. मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठतात. कुठे शहरात पंधरा हजारांवर रखवालदार असता तर मुलींची रांग लागली असती. अशात साखरखेर्ड्याहून निरोप आला. मुलगी शिकलेली, वडिलांचं खत-बियाण्याचं दुकान तीच सांभाळते, आणि शेतकरी मुलगा चालेल असं तिने आपल्या तोंडाने सांगितलंय. भावाला आधी हे खरंच वाटलं नाही. त्याने मध्यस्थाकडून दोनदा वदवून घेतलं. वहिनीने शेगावला नारळ बोलला. मुलीचा फोटो आला आणि भाचा तीन दिवस कोणाशी धड बोलला नाही.

तो बोलत नव्हता कारण तो कामात होता. त्याने औषधाच्या दुकानातून गजकर्णाचं मलम आणून तोंडाला लावायला सुरुवात केली होती. गावात लग्नाची सगळी पोरं हेच लावतात, कारण त्याने माणूस उजळतो. आणि तो उजळला. पंधरा दिवस सोललेल्या अंड्यासारखा चकाकत होता. मग ट्यूब संपली आणि ते अंडं तव्यावर पडलं. दोन्ही गाल लालभडक, बारीक पुटकुळ्या, ऊन लागलं की आग. मी त्याला खामगावच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. भाऊही आला. बाई म्हणाल्या, हे मलम भलतंच जोरकस असतं, त्याने चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि सोडलं की अशी पेटते. आता बरं व्हायला महिने लागतील. उन्हात जायचं नाही.

भाऊ म्हणाला, “मंग शेतात कोन जाईन? तुमी जासान?”

बाईंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. चेहऱ्याला त्यांनी लिहून दिलंय त्याशिवाय काही म्हणजे काही लावायचं नाही, असं बजावलं आणि मग माझ्याकडे वळून बराच वेळ पाहत राहिल्या. मी म्हटलं, मी नुसती सोबत आलेय. त्या म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा.”

पाहण्याचा कार्यक्रम चार दिवसांवर होता. पुढे ढकलावा असं वहिनीचं मत पडलं. भाऊ म्हणाला, ढकललं तर ते दुसरीकडे देतील, पुन्हा असं स्थळ या जन्मी येणार नाही. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. घरात दुसऱ्या कोणाकडे फाउंडेशन होतं?

निघायच्या सकाळी मी भाच्याला खुर्चीवर बसवला, गळ्याला टॉवेल बांधला आणि कामाला लागले. लाली झाकली गेली. पूर्ण झाकली गेली. पण बाटली माझ्या रंगाची होती, आणि माझा रंग म्हणजे मला ज्या रंगाची व्हायचं होतं तो. भाचा नुकत्याच चुना दिलेल्या शाळेसारखा दिसू लागला. बाजूला त्याचा बाप उभा होता, काळ्या मातीचा. शेजारी शेजारी पाहिलं तर कोणालाही शंका आली असती की यांनी मुलगा भाड्याने आणलाय.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या उत्तम कल्पनांमध्ये मी आजही तिला वरचं स्थान देते. मी म्हटलं, त्याचा रंग उतरवता येत नसेल तर आपला चढवू. सगळेच तसे असले म्हणजे घराण्याचाच रंग वाटेल.

आधी वहिनी बसली. तिला मनातून हौस होतीच. मग भाऊ. त्याने डोळे असे घट्ट मिटले जणू मी इंजेक्शन देतेय. शेवटी आमचे हे. हे पंचायत समितीत कारकून, पाच वर्षांनी निवृत्त होणार, आणि आजवर यांच्या तोंडाला दाढीच्या साबणापलीकडे काही लागलेलं नव्हतं. हे म्हणाले, “मले कोन पाहून राह्यलं?” मी म्हटलं, तुम्ही उरलात तर सगळे तुम्हालाच पाहतील. हा मुद्दा यांना पटला. बाटली उलटी करून, बुडावर चापट्या मारून मी पाचही जणांना पुरवली. आरशासमोर उभे राहिलो तेव्हा आम्ही एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखे दिसत होतो. फक्त माना आणि हात ज्याचे त्याचे होते.

सगळी मदार गाडीच्या एसीवर होती. भाड्याची गाडी सांगताना मी एसी आहे ना हे विचारलं होतं आणि हो असं उत्तर मिळालं होतं. एसी होता. चालवायचा नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, मे महिन्यात एसी लावला की इंजिन तापतं. काचा बंद ठेवल्या तर आम्ही वितळत होतो, उघडल्या तर रस्त्याच्या कामाची धूळ आत येऊन ओल्या गालांवर बसत होती. तडजोड म्हणून एकाच बाजूची काच उघडली. साखरखेर्डा येईपर्यंत त्या बाजूला बसलेला भाऊ अर्धा माझ्या रंगाचा आणि अर्धा मुरमाच्या रंगाचा झाला होता. भाचा मधोमध बसला होता. त्याच्या गालांची आग होत होती, पण हात लावायची मी सक्त मनाई केली होती, म्हणून तो बिचारा गुडघे खाजवत होता.

आणि मग, वाचकहो, ती बादली आली.

आता आपल्याकडे उन्हातून पाहुणा आला की त्याला आधी काय देतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आयुष्यभर मीच देत आलेय. अंगणात बादली, तांब्या, खांद्यावर टॉवेल घेतलेला यजमान, आणि ‘या, हातपाय धुवा, तोंडावर पाणी घ्या.’ पण एवढ्या बारकाईने आखलेल्या बेतात ही बादली मात्र माझ्या ध्यानातून साफ गेली. लिंबाच्या सावलीत मुलीचे वडील तांब्या भरून उभे होते. खांद्यावर कोरा पांढराशुभ्र टॉवेल, घडी न मोडलेला.

भावाने हात धुतले, पाय धुतले आणि बाजूला झाला. वहिनीने तेच केलं. भाच्याने तर पाय एवढे धुतले की अंगणात चिखल झाला. तोंडाकडे कोणी पाणी नेईना. उन्हाने डोकं फुटायची वेळ आलेली, घामाचे ओघळ हनुवटीवरून टपकतायत, आणि पाच पाहुणे तोंड धुवायला तयार नाहीत.

मुलीचे वडील आधी हसून म्हणाले, घ्या ना, पाणी थंड आहे. मग जरा कमी हसून म्हणाले, पाणी गोड्या विहिरीचं आहे. तिसऱ्यांदा ते हसले नाहीत. बाजेवर त्यांचे वडील बसले होते, मुलीचे आजोबा, नजर थोडी अधू. त्यांनी विचारलं, “आमचं पानी चालत नाई काय पाव्हन्याइले?”

झालं. हा प्रश्न एकदा अंगणात पडला की सोयरीक उठते. भावाच्या चेहऱ्यावर, म्हणजे माझ्या रंगाखाली, रक्त उरलं नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं. मुलीच्या वडिलांनी टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला होता. आता तो आत नेऊन ठेवतील आणि मग आपण चहा अर्धा ठेवूनसुद्धा उठू शकणार नाही, कारण चहा येणारच नाही.

आमचे हे पुढे झाले. मी डोळ्यांनी खुणावलं, पण नोकरीतली शेवटची पाच वर्षं माणसाला निर्भय करतात. यांनी बादलीशी बसून ओंजळीने तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. तोंडाने बैल पाणी पितो तसा आवाज करत होते. मग टॉवेल घेऊन खसाखसा तोंड पुसलं आणि उभे राहिले.

आजोबांनी डोळे बारीक केले. “अन् हे कवा आले?” त्यांनी विचारलं. “मंगाचे गोरे पाव्हने कुठं गेले?”

मुलीचे वडील टॉवेलकडे पाहत होते. टॉवेलवर आमच्या ह्यांचं पूर्ण तोंड उमटलं होतं, मिशीच्या जागेसकट. मग त्यांनी तांब्या भरला आणि भावाच्या हातात दिला. भाऊ धुऊ लागला. वहिनी धुऊ लागली. एकेक करत आमचं घराणं टॉवेलवर गेलं. शेवटी भाचा वाकला आणि वर आला तेव्हा त्याचे गाल सकाळपेक्षा दुप्पट लाल होते. मी मात्र धुतलं नाही. माझ्यापर्यंत तांब्या आलाच नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि थेट बैठकीत जाऊन कुलरसमोरची खुर्ची धरली.

पोहे घेऊन मुलगी आली. साधी सुती साडी, तोंडावर काही नाही. इतकं काही नाही की मला तिच्याकडे पाहून चुकल्यासारखं वाटलं. तिने ताटल्या दिल्या, समोर बसली आणि भाच्याच्या गालांकडे सरळ पाहिलं. काय झालं, असं तिच्या वडिलांनी विचारलं. भाऊ उन्हाचं काहीतरी सांगू लागला होता, पण भाच्याने त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. मलम, ट्यूब, डॉक्टरीणबाई, माझी बाटली. माझी बाटली सांगायची काही गरज नव्हती.

मुलीच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली.

मुलीने विचारलं, “फवारनीच्या औषधाचं लेबल वाचता नं?”

“हाव.”

“मंग तोंडाच्या औषधाचं काऊन नाई वाचलं?”

भाचा बशीतल्या शेंगदाण्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “वाचाले घेतलं होतं. तेवढ्यात तुमचा फोटो दिसला.”

मी शाळेच्या संमेलनात नाटकं बसवणारी, रंगभूमी जाणणारी बाई आहे. असं वाक्य मला शिकवूनही त्याच्या तोंडून वदवता आलं नसतं. मुलगी उठली. कुलर मोठा लोखंडी, पाण्याने भरलेला. तो तिने दोन्ही हातांनी धरून करकरत फिरवला आणि त्याचं तोंड माझ्यावरून काढून भाच्याच्या गालांकडे केलं. आजोबा, वडील, भाऊ, आम्ही सगळे एका क्षणात घामाघूम झालो. माझ्या भुवईतून काजळ डोळ्यात उतरलं.

मग ती माझ्याकडे वळली. “आत्याबाई,” ती म्हणाली, “तुमीच काऊन राह्यल्या? तुमाले खाजत नाई काय?”

काय सांगू, कित्येक वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. खाजत होतं. प्रचंड खाजत होतं. सगळी बैठक माझ्याकडे पाहत होती, आणि माझ्या भाच्याचं लग्न माझ्या गालांवर अडलंय असं मला वाटलं. मी उठले. पदर सावरला. अंगणात गेले, तांब्या उचलला आणि एखादी राणी विष पिते तसं पहिलं पाणी तोंडावर घेतलं. विहिरीचं पाणी. त्यानंतर किती तांबे ओतले मला आठवत नाही. साबण मागवला. कानामागचंसुद्धा काढलं. उघड्या गालांना वारा लागला तेव्हा ते दुसऱ्याच कोणाचे तरी आहेत असं वाटलं.

मग मी दारात येऊन उभी राहिले. ओलं, फोडांचं, घामोळ्याचं, माझं खरं तोंड घेऊन. सगळ्या मेहकरात ते फक्त आमच्या ह्यांना ठाऊक होतं. मी एक क्षण थांबले, लोकांना पाहायला वेळ मिळावा म्हणून.

कोणी पाहिलंच नाही. वहिनी डोळे पुसत होती. भाऊ मुलीच्या वडिलांच्या गळ्यात पडला होता. आजोबा गूळ आणा, गूळ आणा म्हणत होते, आणि आमचे हे दुसऱ्यांदा पोहे घेत होते. मी साबण लावत असताना मुलगी हो म्हणून मोकळी झाली होती.

एवढा सगळा खेळ मी उभा केला, आणि नेमक्या त्या वेळी मी अंगणात बादलीपाशी! मी म्हटलं, हे चालणार नाही, मी नव्हते, पुन्हा म्हण.

मुलगी उठून माझ्याजवळ आली. तिच्या हातात तोच टॉवेल होता, आमच्या चारी तोंडांचा. त्याचा एक कोरा कोपरा शोधून तिने तो माझ्यापुढे धरला.

“हाव म्हन्लं नं, आत्याबाई. पुसा आता तोंड.”