उजव्या हाताची वही

विमा कंपनीच्या डॉक्टरने बाबांबद्दल सात पानं लिहिली होती, इंग्रजीत. पाचव्या पानावर एक वाक्य होतं: जखमी हात हा रुग्णाचा कामाचा हात नसल्याने तो गॅस कटिंगचं काम थोड्या अडचणीने करू शकेल.

बाबा दुर्गजवळच्या हथखोजमधल्या एका लहान कारखान्यात बावीस वर्षं लोखंडी प्लेटा कापत होते. क्रेनच्या साखळीतून एक प्लेट सुटली आणि त्यांचा डावा हात खाली सापडला. दोन बोटं गेली, तिसरं आता वाकत नाही. आणि बाबा जन्माचे डावखुरे. लोखंड कापायची टॉर्च डाव्या हातात, हातोडी डाव्या हातात. ते डाव्या हाताने भाजी वाढायला लागले की आई त्यांच्या हातातून पळी काढून घ्यायची.

दुर्गच्या कोर्टात भरपाईची केस सुरू होती. बाबांचा कामाचा हात गेला की बिनकामाचा, एवढ्यावर सगळं अडलेलं.

खरं सांगायचं तर ते वाक्य आधी मलाही दिसलं नव्हतं. डॉक्टरी इंग्रजी वाचताना माझे डोळे दुसऱ्याच पानावर घसरायला लागायचे. आमच्या वकील ताईंकडे अशा फायलींचा ढीग. त्या म्हणाल्या, "एआयला दे. पण नाव, पत्ता, कारखाना सगळं काळं कर आधी. आणि ते जे सांगेल त्याचं पान उघडून बघितल्याशिवाय माझ्यासमोर बोलायचं नाही."

मी त्याला तीन रकाने करायला सांगितले. डॉक्टरने स्वतः काय तपासलं, काय ऐकून लिहिलं, आणि काय नुसतं ठरवून टाकलं. प्रत्येकापुढे पान नंबर. पहिल्याच फेरीत त्याने ठणकावून सांगितलं की पकडीची ताकद मोजलेलीच नाही. मी उड्या मारत ताईंकडे गेले. त्यांनी चौथं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. ताकद मोजलेली होती. मी काढलेला त्या पानाचा फोटो वाकडा आला होता, मशीनला तो तक्ता वाचताच आला नव्हता, आणि तसं सांगायचं सोडून त्याने "नाही" म्हणून टाकलं होतं.

"हे मी कोर्टात बोलले असते तर?" ताई म्हणाल्या.

सगळी पानं सरळ स्कॅन करून पुन्हा दिली. या वेळी तिसऱ्या रकान्यात ते वाक्य आलं, आणि खाली एक टीप: रुग्ण कोणत्या हाताने काम करतो हे त्याला विचारल्याची नोंद अहवालात कुठेही नाही. तो कोणत्या हाताने काम करतो?

मी सातही पानं दोनदा बघितली. तशी नोंद खरंच कुठे नव्हती. बाबांना वाचून दाखवलं तर ते हसायला लागले. "मशीनले हात नाही अन् पाय नाही, तरी विचारून राहिली. अन् त्या डॉक्टरनं माझा हात अर्धा घंटा धरून ठेवला होता!"

ताईंनी ठरवलं, डॉक्टर साक्षीला येईल तेव्हा हा एकच प्रश्न सरळ विचारायचा. "तोवर तोंडाला कुलूप," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडेच बघत राहिल्या.

माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. विहारातली, युनियनची, कोणाला कामावरून काढलं त्याची. बाबा ती मोठ्याने वाचायचे आणि मी बोट ठेवत जायचे. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं. मधे थांबायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. डॉक्टरच्या साक्षीच्या पेशीला तीन दिवस असताना मी हथखोजच्या वळणावर सकाळच्या पाळीला पत्रक वाटलं. मथळा मोठ्या अक्षरात: ज्याला डावं-उजवं कळत नाही, तो आमचे हात मोजणार?

लिहिताना मी मशीनला काही विचारलं नाही. ताईंनाही नाही. लोक थांबून वाचत होते, दोघांनी तर जादा प्रती मागितल्या. मी फार खूश होते.

पेशीला डॉक्टर आला तो एक जादा कागद घेऊन. ताईंनी प्रश्न विचारला: "आपने मरीज़ से पूछा था, वो किस हाथ से काम करता है?"

"ज़रूरत ही नहीं पड़ी," तो म्हणाला आणि तपासणीच्या वेळचं संमतीपत्र पुढे केलं. "मेरे सामने दाहिने हाथ से दस्तख़त किया है."

सही बाबांचीच होती. विमा कंपनीच्या वकिलाच्या फायलीत माझं पत्रक घडी करून ठेवलेलं दिसलं. जाता जाता तो मला म्हणाला, "बढ़िया लिखती हैं आप. हमारे बहुत काम आया."

बाहेर आल्यावर ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पेपर फोडलास तू," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या केससाठी आत गेल्या.

सगळा राग मी बाबांवर काढला. "उजव्या हातानं सही कावून केली तुम्ही?"

"मंग काय अंगठा देऊ?"

"त्या दिवशी अंगठा दिला असता तर आज..."

"माझ्या बापानं जिंदगीभर अंगठा देल्ला," बाबा म्हणाले. "भंडाऱ्याहून इथं लोखंडाच्या प्लांटात आला, हजेरीले अंगठा, पगाराले अंगठा. बाबू लोक त्याचं बोट धरून शाईत बुडवत. मी नाही देणार. हात तुटला म्हणून का शिकलेलं पुसलं जाते?"

हेच तर मी दर पत्रकात लिहीत आले होते.

घरी येऊन संमतीपत्राची प्रत मशीनला दिली. उत्तर आलं की सही थरथरती आहे, पण तेवढ्यावरून ही व्यक्ती उजव्या हाताने कधीपासून लिहिते हे सांगता येणार नाही. दुसरा पुरावा लागेल. बरोबर होतं, आणि माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. मी त्याला नको ते लिहिलं. त्याने नम्रपणे माफी मागितली. ज्यांनी मागायला हवी होती त्यांच्यापैकी कोणीच मागितली नाही, आणि हे मागत बसलं होतं!

आई मागे उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि दुरेघी वही घेऊन आली. पहिलीतल्या पोरांची असते तशी. पानापानावर बाबांची सही, उजव्या हाताची. सुरुवातीला कोंबडीने पाय ओढल्यासारखी, मग जराशी उभी राहणारी. वर लाल पेनाने आईने तारीख टाकलेली आणि खाली शेरा: "सहीची शेपूट लांब झाली." "आज एकच पान. कान पकडा." पहिली तारीख टाके निघाल्यानंतरच्या महिन्यातली. डॉक्टरची तपासणी त्यानंतर सात महिन्यांनी झाली होती.

बाबांनी वही ओढून घेतली. "हे नाही द्यायचं. बावन्न वर्षांचा माणूस अन् हे. कोर्टातले हसतीन."

एरवी मी भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी तोंड उघडायचा मला अधिकार नव्हता.

"हसू द्या," आई म्हणाली. "मी नाही का रोज हसत होती? मेले का तुमी?"

बाबा पानं उलटत बसले. मग वही त्यांनी माझ्याकडे न देता आईकडेच दिली.

ताईंनी अर्ज करून डॉक्टरला परत बोलावलं. विमा कंपनीचा वकील म्हणाला, "ऐसी नोटबुक तो कोई घर बैठे भर ले." न्यायाधीशांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. हसलं कोणी नाही. मग डॉक्टरला त्यांनीच विचारलं, कामाचा हात कोणता हे रुग्णाला विचारलं होतं की नाही.

"रिकॉर्ड में नहीं है, सर."

'हो' नाही, 'नाही' पण नाही. रिकॉर्ड त्यानेच लिहिलेलं, आणि बोलतोय असं की जणू दुसऱ्या कोणी लिहिलंय. तरी तेवढं वाक्य टाइप झालं, वही पुराव्यात दाखल झाली आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली. निकाल अजून लागलेला नाही. डॉक्टर त्याच कंपनीसाठी दुसऱ्यांचे हात तपासतोच आहे. आणि माझ्या डोक्यात एक आख्खं पत्रक तयार आहे, मथळ्यासकट, ते मी लिहीत नाही. असं न लिहिता बसणं मला अजून जमत नाही.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना बाबांनी विचारलं, "वही कधी भेटन वापस?"

"केस संपल्यावर."

"मंग सेक्टर सहाच्या दुकानातून दुसरी घेऊन दे," ते म्हणाले. "शेपूट अजून लांबच जाऊन राहिली."