जैतूनची वाकळ

आमच्या कोल्हापूरच्या पेठेतल्या अर्ध्या बायकांना वाकळ, म्हणजे जुनेराची गोधडी, शिवायला मावशीने शिकवली असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मावशीने सगळ्यांना आधी उसवायला शिकवलं. नवी बाई तिच्या सोप्यात शिकायला आली की तिच्या हातात एखादी जुनी, फाटकी वाकळ पडायची आणि हुकूम सुटायचा, "उसव." मग कितीतरी दिवस टाका टाका सोडवत बसायचं. दोरा तुटला की बोलणी. कापड फाटलं की जास्त बोलणी. "महाराजांनी पोरांना शाळंची सक्ती केलीय, मी बायकास्नी उसवायची केलीय," असं ती वर हसून सांगायची. पेठेत तिला नाव पडलं होतं उसवमावशी. ते तिला माहीत होतं आणि तिला त्याचा अभिमानच होता.

मी तिच्याकडे गेले ती आईने ढकललं म्हणून. दादा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी घरी येताना काखेत ओल्या शाईची पत्रकं आणायचे. भटजीविना लग्न, मुलींचं शिक्षण, जातीभेदाचं ढोंग, अशा पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. तेराव्या वर्षीच मी घरातल्या पाहुण्यांशी वाद घालायला लागले, तेव्हा आईने ठरवलं की या पोरीच्या हाताला काहीतरी काम दिलं पाहिजे. महिनाभर उसवून झाल्यावर मी पहिला ओळभर धावदोरा घातला. मावशीने तो डोळ्यांजवळ धरला आणि सगळ्या सोप्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही वळ हाय का वरात, गं? कोन पुढं, कोन मागं, कोन नाचतंय!"

पण माझी पत्रकं तिला आवडायची. चौघी चार बाजूंनी शिवत बसल्या की ती मला म्हणायची, "तू नगं शिवू, तू वाच. त्यातच सगळ्यांचं भलं हाय." मी तावातावाने वाचायचे. स्त्रीलाही पुरुषाइतकाच अधिकार आहे, हे वाक्य आलं की ती मान डोलवायची. "व्हय की! ब्येस लिवलंय." आणि त्याच दमात शेजारणीला, "तुझा कोपरा वर चढलाय. उसव."

शिमगा झाला की तिचा हंगाम सुरू व्हायचा तो मृगापर्यंत. घराघरांतून जुनेरांची गाठोडी यायची. फाटकी लुगडी, विटलेली धोतरं, गेलेल्या माणसाचा सदरा. आपल्या घरची वाकळ आपल्याच घरच्या कापडाची, हा रिवाज ती पाळायची. गाठोडं सोडलं की त्या घरात काय चाललंय ते तिला कळायचं. "सुनेचं एकबी लुगडं न्हाई ह्यात. म्हंजे सून अजून तीच जुनी नेसतीया," असं ती खालच्या आवाजात म्हणायची. तिचा खालचा आवाज रंकाळ्यापर्यंत जायचा. एकदा एक बाई, आपलं गाठोडं चांभाराच्या घरच्या गाठोड्याजवळ ठेवू नका म्हणाल्या. माझं भाषण तोंडाशी आलं होतं. मावशी त्याआधीच म्हणाली, "बाईसाब, सकाळपास्नं दोगं शेजारी हाईत. कापडं भांडत न्हाईत. तुमीच काय ते भांडून घ्या."

ऐन हंगामातच तिच्या लेकी माहेरी यायच्या. तीन लेकी, त्यांची पोरं, पोरांच्या कोंबड्या. मावशी एका हाताने टाका घालायची, दुसऱ्या हाताने नातवाला सुईपासून लांब ढकलायची आणि तोंडाने तिसऱ्याच कुणाला तरी चुलीवरचं कालवण उतरवायला सांगायची. प्रत्येक लेकीला माहेरच्या कापडाची नवी वाकळ देऊन मगच पाठवायचं, हा त्यांच्याकडचा पक्का नेम. अर्धी वाकळ उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि वाकळीवाचून लेक जात नाही.

त्या वर्षी धाकटी जैतून सहा महिन्यांची पोटुशी होती. निपाणीच्या अलीकडे, वेदगंगेच्या काठावर तिचं सासर. तंबाखूचं शेत, माणसं कामाची आणि सासू त्याहून कामाची. आदल्या वर्षी जैतूनने पोटुशी असतानाच गुडघाभर चिखलात तंबाखूची रोपं लावली होती. मूल वेळेआधी आलं आणि राहिलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, तेही शेतावरच झालं. आता दुसरं सासरी, म्हणून सासूचा निरोप होता : पाऊस लागायच्या आत पोरीला पाठवा. जैतून सोप्याच्या कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवून द्यायची. एवढंच.

वैशाखात मावशीने जैतूनची वाकळ अंथरली. आणि पेठेतल्या सगळ्यांत चपळ हाताची ती बाई एकाएकी फार चोखंदळ झाली. दिवसभर शिवलेलं संध्याकाळी तिला पटेना. कधी ओळ तिरकी, कधी दोरा कच्चा, कधी ठिगळाचा रंगच उदास. "उसव." दुसऱ्यांच्या वाकळा धडाधड पुऱ्या होऊन जात होत्या आणि जैतूनची मात्र वीतभर पुढे जाऊन हातभर मागे यायची. पुढे पुढे तर तिने ती वाकळ नव्या शिकाऊ बायकांनाच द्यायला सुरुवात केली. सगळ्यांत वाकडा टाका घालणारी म्हणून मला मानाची जागा मिळाली.

सोप्यातल्या बायकांना हे केव्हाच उमगलं होतं. मला उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर संताप आला. मी म्हटलं, "मावशी, सरळ सांगा की, लेक पाठवत नाही! आपण न्यायाच्या बाजूला आहोत. मग ही चोरी कशाला?"

तिने सुई खाली ठेवली. एरवी ती कधी ठेवायची नाही.

"मी न्हाई म्हटलं की भांडान हुईल," ती म्हणाली. "भांडून मी जिंकीन बी. मी काय ऐकती व्हय कुनाला! पर मी हितं जिंकनार आन् नांदायचं हाय तिला तितं. माझं 'न्हाई' तिच्या सासूला आयुष्यभर याद ऱ्हाईल. त्यापरीस वाकळच 'न्हाई' म्हनू दे. वाकळीवर कोन डूख धरतंय?"

तरी मी पुटपुटले की हे सत्याला धरून नाही. "तू सत्याला धर," ती म्हणाली, "आन् दुसऱ्या हातानं हे टोक धर."

जैतूनचा नवरा दस्तगीर तंबाखूची गाडी घेऊन कोल्हापूरला यायचा. दर खेपेला मावशीकडे जेवायचा, वाकळीकडे बघायचा आणि रिकामी गाडी घेऊन परतायचा. शांत माणूस. आईपुढे तोंड न उघडणारा. मृग दोन-चार दिवसांवर आला तेव्हा त्याने मला दाराबाहेर गाठलं.

"ताई, तुमी खोटं बोलत न्हाई म्हनं. वाकळ कवा हुनार?"

आत सगळ्या सुया थांबल्याचं मला जाणवलं. खोटं मला बोलता येत नव्हतं, आजही येत नाही. मी म्हटलं, "तुमच्या घरी तिला चिखलात उभं करणार नाहीत, अशी जामिनकी तुम्ही ज्या दिवशी द्याल, त्या दिवशी."

त्याने बैलांचे कासरे खांबाला बांधले. मग वहाणा काढून आत आला, बायकांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अम्मा, सुई द्या. लवकर हुईल." बायकांनी पदर तोंडात कोंबले. पठ्ठ्याने पोती शिवावीत तसे बोट-बोटभर टाके घातले. ओळीच्या शेवटी आल्यावर त्याने आपलं काम दूर धरलं, मान वाकडी करून न्याहाळलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "लई वाकडं झालं. हे सगळं उसवायला पायजे. आईला सांगतो, अजून महिना तरी लागल. तवर नदीला पानी यील."

जैतूनने पहिल्यांदाच नवऱ्याकडे सगळ्यांसमोर मान वर करून पाहिलं. त्या दुपारी मावशीने जावयाला इतकं मटण वाढलं की त्याला गाडीत उताणं झोपून जावं लागलं. बैलांना वाट माहीत होती.

नदीला पाणी आलं, दस्तगीरच्या गावाला जायचा नदीतला उतार बंद झाला. श्रावणात जैतूनला मुलगी झाली, चांगली दणदणीत, आजीच्या आवाजाची. इतके महिने खाल्लेली ती वाकळ मावशीने आठवड्यात पुरी केली. तिच्या मधोमध, शेवटच्या ठिगळाखाली, भाकरीचा एक कोरडा तुकडा ठेवून टाका घातला. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असा त्यांचा समज. मी याला अंधश्रद्धा म्हणाले. "व्हय," ती म्हणाली, "तुझी न्हाई नव्हं? मग गप बस."

दसरा झाला आणि दस्तगीर गाडी घेऊन आला. जैतून बसली, मुलगी तिच्या मांडीवर, वाकळ पायांवर. आम्ही सगळ्या मावशीला धीर द्यायला जमलो होतो. मावशी गाडीबरोबर चालू लागली, आम्ही तिच्यामागे. पेठेच्या तोंडापर्यंत, मग नाक्यापर्यंत. दस्तगीर म्हणाला, "अम्मा, परता आता." ती म्हणाली, "पोरगीला धरायचं तुला ठावं न्हाई," आणि गाडी थांबवून सरळ वर चढून बसली. अंगावरच्या लुगड्यानिशी. घराला कडीसुद्धा लावली नव्हती.

लेकीच्या पाठवणीला जमलेल्या आम्ही बायका नाक्यावर उभ्या राहून मावशीसाठी रडलो. गाडी वळेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. ती दस्तगीरला बैल हाकायला शिकवत होती.