सोक्चोची मावशी

१९७९च्या ऑगस्टमध्ये नागपूर स्टेशनवर, अमेरिकेला निघालेल्या मला मुंबईच्या गाडीत बसवताना आई रडली नाही. ती शाळेत गणित शिकवायची, बोलणं नेमकं. खिडकीतून लसणाच्या चटणीचा डबा आत देत तिने विचारलं, "दोन वर्षं म्हणजे दोनच ना?" माझ्या शेजारी सुधाकर बसला होता, चारच महिन्यांपूर्वी माझा नवरा झालेला. तो म्हणाला, "दोनच, आई." ते खोटं नव्हतं. त्या दिवशी आम्हा दोघांनाही तसंच वाटत होतं.

दोनाची सात झाली. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला सुधाकरला रिसर्चचा जॉब मिळाला, मला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मीनल झाली, बोलू लागली, आणि मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्लिशमध्ये देऊ लागली. दर पंधरा दिवसांनी आईचं पत्र यायचं. शेवटी तोच प्रश्न, कधी येताय? मीही दर वेळी लिहायचे, पुढच्या वर्षी नक्की. मग १९८६मध्ये आम्ही घर घ्यायचं ठरवलं, आणि मला कळलं की हे वाक्य आता लिहिता येणार नाही. हे पत्रात सांगायची हिंमत होईना. शेवटी ऑक्टोबरमध्ये मी एकटीनेच जाऊन आईला समोरासमोर सांगायचं ठरलं.

लॅबमध्ये माझ्या शेजारी सुनजा काम करायची, कोरियाची. तीही तेव्हाच घरी निघाली होती. म्हणाली, सोलवरून जा, तीन दिवस माझ्याबरोबर सोक्चोला चल, माझी मावशी असते तिथे. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर नागपूर तीन दिवस लांबतंय, याचंच बरं वाटलं होतं.

सोलहून बस डोंगर चढत निघाली. झाडं लाल-पिवळी झालेली. घाट उतरल्यावर एकदम समुद्र दिसला, आणि मागे वळून पाहिलं तर सोराक डोंगराचे उघडे सुळके. डोंगर आणि समुद्र एवढे जवळ मी, सपाट नागपूरची, कधी पाहिले नव्हते.

मावशी गावापासून पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्याने तुटलेल्या वाळूच्या वस्तीत राहायची. पलीकडे जायला तराफा होता. इंजिन नाही, वल्हं नाही. या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी दोर ताणलेला, आणि बसणाऱ्यांनीच आकड्याने तो ओढत पलीकडे जायचं. मावशी न्यायला आली होती, साठीकडे झुकलेली, ठेंगणी, हसरी. तिने माझ्या हातात आकडा दिला. मी चुकीच्या दिशेने जोर लावला, तेव्हा तराफ्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. मग मीही हसले. किती दिवसांनी.

तिच्या अंगणात दोऱ्यांवर माकूल, म्हणजे स्क्विड मासे, वाळत घातलेले, धुणं घालावं तसे. संध्याकाळी ती ताजे माकूल घेऊन बसली आणि त्यांत भात नि भाज्या ठासून भरू लागली. आपण भरली वांगी करतो, अगदी तसं. मी हात धुऊन तिच्यासमोर बसकण मारली. तिची भाषा मला येत नव्हती, पण भरायचं किती आणि कुठे थांबायचं, हे हातांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला डोंगरातल्या बुद्ध मंदिरात घेऊन गेली. मूर्तीसमोर मी, लहानपणी घरी म्हणायचे तशी, पाली वंदना पुटपुटले. मावशीने चमकून पाहिलं आणि तीही माझ्या शेजारी वाकली.

पायऱ्यांवर बसून तिने तिची गोष्ट सांगितली. ती बोलायची, सुनजा मला इंग्लिशमध्ये सांगायची. कोरियाच्या युद्धात ती उत्तरेकडून नावेतून आली, बावीस वर्षांची. आई घर राखायला मागे राहिली. दहा दिवसांत येते, असं आईला सांगून मावशी निघाली होती. मग मध्ये सीमा आली. सीमेजवळ राहिलं तर लवकर परतता येईल, म्हणून उत्तरेकडून आलेली ती सगळी माणसं सोक्चोतच थांबली. कित्येक वर्षं कुणी पक्कं घरसुद्धा बांधलं नाही. छत्तीस वर्षांत आईचं एक पत्र नाही.

तिने विचारलं, तुझी आई आहे? मी होय म्हटलं, आणि का कोण जाणे, तिला सगळं सांगून टाकलं. घर, पुढच्या वर्षी नक्की, सगळं. मावशी म्हणाली, "माझी आई आहे की गेली, मला माहीत नाही. पण ती वाट बघत बसली, एवढं नक्की. तुला तुझ्या आईला खरं सांगता येतंय. सांगून टाक."

नागपुरात पोचल्यावर मी चहासुद्धा घेतला नाही. आई मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आई, आम्ही तिकडे घर घेतोय. आम्ही परत येणार नाही."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "आधी तू लिहायचीस, इकडे बर्फ पडतो. तीन वर्षांपूर्वी लिहिलंस, आमच्याकडे बर्फ पडला."

"मग दर पत्रात काहून विचारत होतीस?"

"विचारणं थांबवलं असतं, तर तुला वाटलं असतं, आईने आपल्याला सोडलं."

मी तिच्या मांडीत डोकं ठेवून रडले. तिने रडू दिलं. मग मेथीची जुडी माझ्याकडे सरकवत विचारलं, "खोल्या किती आहेत? मला सकाळचं ऊन लागतं."

पूर्वेकडची खोली आईची झाली. ती त्यात दोनदाच येऊन राहिली, दोन्ही वेळा उन्हाळाभर, आणि दोन्ही वेळा आपल्या नागपूरला आनंदाने परत गेली. तिने मला परत बोलावलं नाही, मीही तिला थांब म्हटलं नाही. आता ती नाही. ओळखीच्यांपैकी जे तिथे भारतात राहिले आणि जे इथे आले, ते मला विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? मीनल आता टेक्सासमध्ये प्लेनोला असते. सुट्टीत येते, बॅग टाकते आणि नवऱ्याला फोन करून सांगते, "आय अ‍ॅम होम. आजीच्या रूममध्ये आहे." स्वयंपाकघरातून मला ते ऐकू येतं, आणि मी तिच्यासाठी वांगी भरायला घेते.